जुनी मोटार आणि नवा ब्रेक



या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, राजकारण या विषयांवर विद्वान मंडळी बोलतात. मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण काही गॅरेजात झाले आणि काही नगरवाचनालयात. व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी 'ब्रेक' असे उत्तर दिले. त्यावर एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे चळवळीला लागलेला ब्रेक ना?" तसे नाही. मी मोटारीच्या ब्रेकविषयीच बोलणार आहे. चळवळ त्यात येईल, पण ती तिच्या जागी येईल.

गेल्या काही वर्षांत सातारा-सांगलीकडे जुनी मोटार नव्याने उभी करण्याची हौस वाढली आहे. वडिलांची नाही तर आजोबांची फियाट शेडमधून बाहेर काढायची, पत्रा ठोकून रंग द्यायचा, इंजिन नव्याने बांधायचे, किंवा सरळ दुसऱ्या गाडीचे जास्त ताकदीचे इंजिन तिच्यात बसवायचे, रुंद टायर घालायचे, आणि रविवारी पाचगणीला नाही तर कासला निघायचे. मी या हौसेची चेष्टा करणार नाही. ज्या वालचंद हिराचंदांचे नाव सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला आहे, त्यांनीच १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही फियाट तयार होत असे. १९७४ पासून तिला 'पद्मिनी' म्हणू लागले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. हजारो कामगारांच्या हातची ती वस्तू आहे. ती कोणी जपत असेल तर मला आनंदच आहे.

पण या हौशी मंडळींचा पैसा कोणत्या क्रमाने खर्च होतो ते मी पाहत आलो आहे. पहिला पैसा रंगाला, दुसरा इंजिनाला, तिसरा टायरला आणि गाण्याच्या पेटीला. उरलाच तर ब्रेकला. त्यातही जे बाहेरून दिसते ते आधी. चाकाच्या फटीतून चकाकणारी डिस्क दिसते, म्हणून डिस्क बसवायची. तिच्या मागचे काही दिसत नाही, म्हणून ते जुनेच ठेवायचे. आजचे माझे सगळे म्हणणे या एका सवयीविरुद्ध आहे.

आधी जुना ब्रेक कसा असतो ते पाहू. फियाटच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा बिडाचा डबा. बीड म्हणजे काय हे किर्लोस्करवाडीच्या मुलखात समजावून सांगण्याची गरज नाही. डब्याच्या आत अर्धवर्तुळाकार दोन शू आणि त्यांच्यावर बसवलेले लायनर. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले तेल नळ्यांतून चाकापर्यंत जोर पोहोचवते, शू बाहेर फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. यात एक मोठी खुबी आहे. फिरता ड्रम पुढच्या शूला स्वतःबरोबर ओढतो आणि तो आणखी घट्ट बसतो. म्हणजे ब्रेक स्वतःच चालकाला मदत करतो. म्हणून थोड्या पायाच्या जोराने ती गाडी थांबत असे. हजाराच्या वर थोडे सी. सी. आणि चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, एवढ्या गाडीला तो ब्रेक पुरेसा होता. ज्यांनी तो बनवला ते अडाणी नव्हते.

अडचण येते ती वेग वाढला म्हणजे, किंवा घाट लागला म्हणजे. ब्रेकचे काम गाडी थांबवणे असे आपण म्हणतो. खरे म्हणजे त्याचे काम गतीची उष्णता करणे आणि ती उष्णता हवेत टाकणे हे आहे. हजार किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असली आणि तिला थांबवायचे झाले, तर सुमारे १ लाख ३९ हजार ज्यूल इतकी ऊर्जा ब्रेकला पचवावी लागते. तीच गाडी १०० च्या वेगात असेल तर हा आकडा ३ लाख ८६ हजारांवर जातो. वेग पावणेदोनपटही झाला नाही, पण उष्णता पावणेतीनपट झाली. इंजिन बदलणाऱ्याने हा हिशेब आधी भिंतीवर लिहून ठेवावा.

आता घाटाचा हिशेब करा. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत सुमारे साडेपाचशे मीटरचे अंतर आहे. पसरणीचा घाट उतरताना हीच हजार किलोची गाडी नुसत्या ब्रेकवर आणली, तर सुमारे ५४ लाख ज्यूल उष्णता होते. म्हणजे ६० च्या वेगातून जवळजवळ चाळीस वेळा गाडी थांबवल्यासारखे झाले, आणि मध्ये ब्रेकला फारशी विश्रांती नाही. घरातल्या भाषेत सांगायचे तर सोळा लिटर गार पाणी उकळीला आणील एवढी ही उष्णता आहे. घरचा बंब डोळ्यासमोर आणा. तो चार चाकांत वाटून ठेवला आहे असे समजा. म्हणूनच जुने ड्रायव्हर सांगत की ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा. इंजिनाचा रोध बराच भार उचलतो आणि त्याला पैसा पडत नाही.

ड्रम तापला की काय होते? बीड फुगते आणि ड्रम शूपासून किंचित दूर सरतो, म्हणून पेडल खोल जाते. लायनरची पकड सुटू लागते. उष्णता डब्याच्या आत कोंडते. आणि पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढली तर आत गेलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही. पहिले दोन-चार वेळा ब्रेक लागतच नाही.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक उघडी बिडाची तबकडी फिरते आणि कॅलिपर नावाची पकड दोन्ही बाजूंनी तिला पॅडच्या चिमटीत धरते. तबकडी हवेत उघडी असल्याने लवकर निवते. ती तापून जाड झाली तर पॅडच्या जवळच येते, दूर जात नाही. पाणी फेकून देते. ही कल्पना नवी नाही. इंग्लंडात लँचेस्टर नावाच्या इंजिनिअरने १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते. पण तिचा बोलबाला झाला १९५३ साली, जेव्हा फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकची जग्वार पहिली आली. तिथे प्रश्न एकदा थांबण्याचा नव्हता. दिवसभर आणि रात्रभर पुन्हा पुन्हा वेग कमी करण्याचा होता. दोनच वर्षांनी सित्रोएनने आपल्या डी. एस. या घरगुती गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क दिल्या.

आपल्याकडे याचा धडा शिकवला तो एका मोटारसायकलने. १९८३ साली राजदूत ३५० बाजारात आली. मूळची ती जपानी यामाहा, दोन सिलिंडरची, तीसच्या आसपास अश्वशक्तीची. तेव्हाच्या आपल्या रस्त्यांवर तिच्या तोडीचे दुसरे वाहन नव्हते. जपानी गाडीला पुढे डिस्क होती. इथे मात्र ड्रम बसवला गेला. जोर पाहुण्याचा आणि लगाम घरचा. त्या गाडीचे वेड लागलेले तरुण पुढे वर्षानुवर्षे दुसऱ्या गाडीची डिस्क तिला बसवून घेत राहिले. १९९९ साली हिरो होंडाची सी. बी. झेड. पुढच्या डिस्कसह आली, त्यानंतर गावोगावच्या पोरांना डिस्कची ओळख झाली.

तेव्हा डिस्क चांगली, हे मला मान्य आहे. पण ती काय करीत नाही हेही सांगितले पाहिजे. तुमचा जुना ब्रेक नीट असेल आणि एका दाबात चारही चाके जाम होत असतील, तर डिस्क बसवल्याने तो पहिला थांबा फारसा लहान होणार नाही. कारण शेवटी गाडी थांबवतो तो टायर आणि रस्ता. डिस्कचा गुण पहिल्या दाबात दिसत नाही. तो दहाव्या दाबात, घाटाच्या शेवटच्या वळणावर दिसतो. टायर गुळगुळीत ठेवून डिस्क बसवणारा माणूस छत्री उघडून अनवाणी चिखलात चालणाऱ्यासारखा आहे.

आता बसवण्याचे पाहू. बाजारात तयार सट मिळतात. नाहीतर भंगारबाजारातून अलीकडच्या छोट्या गाडीचे हब, डिस्क आणि कॅलिपर आणतात आणि लेथवाल्याकडून जुळवून घेतात. आमचे लेथवाले हुशार आहेत. कुपवाडला किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत गेलात तर हव्या त्या मापाचा तुकडा करून देतील. पण तुकडे जुळले म्हणजे ब्रेक झाला असे नाही.

पहिली गोष्ट कॅलिपर धरणाऱ्या पट्टीची. गाडी थांबवताना सगळा झटका त्या पट्टीवर येतो. ती चांगल्या पोलादाची, मापात कातलेली आणि बोल्टने आवळलेली हवी. स्टब अॅक्सलला वेल्डिंग करून ती चिकटवणे हा गुन्हा समजावा. तो अॅक्सल घडीव पोलादाचा असतो; वेल्डिंगच्या आचेने त्याचा कस जातो आणि तडा कधी गेला ते कोणाला कळत नाही.

दुसरी गोष्ट मास्टर सिलिंडरची. ड्रमच्या नळ्यांत थोडा दाब कायम राहावा म्हणून जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये एक झडप असते. तिथे ती उपयोगी असते. पण तोच सिलिंडर डिस्कला जोडला तर पाय काढल्यावरही पॅड तबकडीला घासत राहतात. सपाट रस्त्यावर हे लक्षात येत नाही, घाटात चाकातून धूर निघतो. शिवाय कॅलिपरच्या मोठ्या दट्ट्याला तेल जास्त लागते. जुना सिलिंडर ते पुरवू शकेलच असे नाही. बदलायचाच आहे तर दोन कप्प्यांचा घ्या, म्हणजे एक नळी फुटली तरी दोन चाकांचा ब्रेक शाबूत राहतो.

तिसरी गोष्ट बूस्टरची. ड्रम चालकाला स्वतः मदत करतो हे मी मघाशी सांगितले. डिस्क ती मदत करीत नाही. तिला पायाचा जास्त जोर लागतो. म्हणून इंजिनाच्या ओढीवर चालणारा बूस्टर बसवतात. त्यात एक धोका आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी कोणी इंजिन बंद करून खंबाटकी उतरू लागला, तर दोन-तीन दाबांनंतर बूस्टर रिकामा होतो आणि पेडल दगडासारखे कडक लागते. नव्या ब्रेकबरोबर ही जुनी खोड सोडावीच लागेल.

चौथी गोष्ट पुढच्या आणि मागच्या चाकांच्या तोलाची. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे जातो आणि मागची चाके हलकी होतात. मागचा ब्रेक प्रमाणाबाहेर जोरदार झाला तर मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी गरकन फिरते. यासाठी मागचा दाब कमी करणारी झडप बसवून, मोकळ्या मैदानात तपासून तो तोल साधावा लागतो. काही हौशी लोक मागेही डिस्क बसवतात आणि त्या धांदलीत हातब्रेकच काढून टाकतात. यवतेश्वरच्या चढावर गाडी उभी करून चहा प्यायला उतरणाऱ्याला हातब्रेक नको असे म्हणण्याचे धाडस मला होणार नाही.

पाचवी गोष्ट तेलाची. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ३ जातीचे नवे तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. पाणी मुरल्यावर तेच १४० च्या सुमाराला उकळू शकते. उकळले की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. मग पेडल तळाला टेकते आणि चाकापर्यंत काहीच पोहोचत नाही. आमच्या पावसाच्या मुलखात दोन वर्षांनी तेल बदलणे ही चैन नव्हे.

आमच्या संघटनेपुढे आलेले एक प्रकरण सांगतो. नावगाव सांगणार नाही. एका बागायतदाराने जुन्या गाडीला ताकदीचे इंजिन घातले आणि पुढे डिस्क बसवून घेतल्या. मेस्त्रीने मास्टर सिलिंडर बदलायला सांगितले. मालक म्हणाला, "ते पुढच्या महिन्यात बघू." पाहुणे घेऊन पगारी ड्रायव्हर महाबळेश्वरला गेला. उतरताना पुढच्या चाकांतून धूर आला, तेल उकळले, पेडल खाली गेले. ड्रायव्हरने गाडी डोंगराच्या अंगाच्या गटारात घातली म्हणून माणसे वाचली. मालकाने दोष दिला मेस्त्रीला आणि मजुरी अडवली. मेस्त्रीजवळ कागद नव्हता. ड्रायव्हरने आमच्यासमोर खरे काय ते सांगितले, म्हणून मेस्त्रीला मजुरी मिळाली. ड्रायव्हरची नोकरी मात्र गेली.

मंडळी, माझा मुद्दा इथे आहे. ब्रेकच्या साखळीत पेडल आहे, सिलिंडर आहे, नळी आहे, कॅलिपर आहे, टायर आहे. तसाच मेस्त्री आहे आणि ड्रायव्हरही आहे. मालक पैसे देतो म्हणून साखळीतली कोणती कडी कच्ची ठेवायची हे ठरवण्याचा हक्क त्याला मिळत नाही. कारण ती तुटते तेव्हा गाडीत मालक असेलच असे नाही, आणि समोरून सायकलवर येणाऱ्याला तर कोणी विचारलेलेच नसते. तेव्हापासून आम्ही गॅरेजवाल्यांना एक साधी गोष्ट सांगतो. ब्रेकचे काम घेताना एक पानभर कागद करा. काय सांगितले, काय बदलले, मालकाने काय नाकारले, ते लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. आणि मालकाने सिलिंडर नाकारला तर डिस्कही बसवू नका. 'हे काम मी करणार नाही' असे म्हणण्याची ताकद एकट्या मेस्त्रीला नसते. शेजारचा मेस्त्री ते काम घेईल ही भीती असते. दहा गॅरेजवाले एकत्र बसून ठरवतात तेव्हा ती ताकद येते. चळवळ तिच्या जागी येईल असे मी म्हणालो होतो, ती जागा ही.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. जुना ड्रम उघडला की आत काळी-करडी पूड असते. गॅरेजातले पोर हवेची नळी धरून ती उडवते आणि तोंडाला फडकेसुद्धा नसते. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ते फुफ्फुसात जाऊन बसतात आणि वीस-तीस वर्षांनी आपला वसूल करतात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आरोग्य हा कामगाराच्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि कामगारांच्या प्रकृतीची नोंद चाळीस वर्षे ठेवण्याचा आदेश दिला. पण चार माणसांच्या गॅरेजला कारखान्याचा कायदा लागत नाही. तिथे नोंद कोण ठेवणार? म्हणून निदान एवढे करा: पूड हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका. नवे पॅड घेताना अॅस्बेस्टॉस नसलेलेच मागा. मालकाची हौस पोराच्या छातीवर फिटता कामा नये.

कायद्याचेही दोन शब्द सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीत मनमानी फेरफार करण्यास बंदी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कडकपणे उचलून धरली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने परवानगीशिवाय फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही, अशी शिक्षा ठेवली. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली निराळे नियम झाले. तिथेही गाडीचे मूळ रूप राखण्याची अट आहे. तेव्हा काम सुरू करण्याआधी आर. टी. ओ. कार्यालयात अर्ज करा आणि उत्तर लेखी घ्या. विमा कंपनीलाही कळवा. परवानगी मिळत नसेल तर एक सरळ वाट उरतेच: इंजिन मूळचे ठेवा, ड्रम कातून घ्या, लायनर, नळ्या, सील आणि तेल नवे घाला, आणि त्या गाडीच्या वयाला शोभेल अशा वेगाने जा. तीही सुधारणाच आहे, आणि कित्येकदा तीच शहाणपणाची असते.

कोणी म्हणेल, हा चार हौशी लोकांचा प्रश्न. त्यावर सभा कशाला? तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या गळिताच्या हंगामाकडे पाहा. एका ट्रॅक्टरमागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि त्यांतल्या कित्येक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाही. उतारावर मागचा बोजा ट्रॅक्टरला ढकलतो; पुढे बसलेला पोरगा पेडलवर उभा राहतो. तिथेही ओढण्याची ताकद वर्षागणिक वाढवली आणि थांबण्याची ताकद होती तिथेच ठेवली. बागायतदाराच्या शेडमधल्या फियाटला आणि फडातून निघालेल्या ट्रॉलीला नियम एकच आहे. जितका जोर वाढवाल तितका आवर वाढवा, आणि तो दाखवण्यापुरता नको, शेवटच्या नळीपर्यंत हवा.

इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या दारात अशी गाडी असेल त्यांना माझी एवढीच विनंती आहे. उद्या मेस्त्रीकडे जाल तेव्हा डिस्क केवढ्याला बसेल हे शेवटी विचारा. आधी विचारा, तिच्यामागे काय काय बदलावे लागेल. तो जी यादी सांगेल ती पुरी करण्याइतका पैसा नसेल तर वर्षभर थांबा. थांबता येणे हाच तर आजचा विषय होता.